भट्टीकर आणि पाळणेकर

माझ्या आत्यानं जवळजवळ सगळी नोकरी एक गोष्ट खरी आहे म्हणून भांडण्यात घालवली, आणि शेवटी ती गोष्ट खरी नाही हे तिनंच शोधून काढलं. आम्ही घरचे हे पाहुण्यांना कौतुकानं सांगतो. पाहुणे मान डोलावतात, पण यात कौतुक कसलं हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर तसाच राहतो. म्हणून जरा सविस्तर सांगते.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. खाली रस्त्याला लागून बाबांचं चष्म्याचं दुकान, त्याच्यावर आम्ही, आणि आमच्या डोक्यावर, उतरत्या छपराच्या खोलीत आत्या. त्या खोलीत मधोमधच सरळ उभं राहता यायचं; जरा कडेला सरकलं की तुळई कपाळाला लागायची. लग्न तिनं केलं नाही. ‘राहून गेलं’ म्हणायची, बसमध्ये छत्री राहावी तशा सुरात. सकाळी डबा घेऊन ती गावाच्या टोकाला असलेल्या खगोल संस्थेत जायची आणि दिवे लागायच्या सुमारास परत यायची, एखाद्या बँकेतल्या बाईसारखी वेळेवर. शेजारणींना वाटायचं, ही दुर्बिणीला डोळा लावून बसत असेल. खरं म्हणजे डोंगरावरच्या वेधशाळेत तिला वर्षाकाठी मोजक्याच रात्री मिळायच्या, आणि त्यातल्या निम्म्या ढगात जायच्या. बाकीचं वर्ष ती टेबलाशी बसून रेघा मोजायची.

रेघांचं असं आहे, की ताऱ्याचा प्रकाश लोलकातून पसरवावा तसा पसरवला की रंगांचा पट्टा मिळतो, आणि त्या पट्ट्यात मधे मधे बारीक काळ्या रेघा असतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या जागी. रेघ ठसठशीत तर ते द्रव्य जास्त, फिकी तर कमी. आत्याचा जीव सोडियमच्या रेघांत अडकलेला होता.

तिचे तारे होते एका गोलाकार तारकागुच्छातले. साखरेवर मुंग्या जमाव्यात तसे तिथं लाखो तारे दाटीवाटीनं बसलेले असतात. सगळे एकाच ढगातून, एकाच सुमारास जन्मलेले, असं तेव्हाची पुस्तकं सांगायची. मग घडणही सगळ्यांची एकसारखी हवी. लोखंडाच्या बाबतीत ती तशी होतीही. पण सोडियमचं गणित काही केल्या जुळत नव्हतं. तिथले तांबडे राक्षसी तारे, म्हणजे म्हातारपणी फुगून लालबुंद झालेले तारे, तिनं एकेक करून तपासले. एकमेकांच्या शेजारचे दोन तारे, आकारानं सारखे, तेजानं सारखे, आणि एकात सोडियम दुसऱ्याच्या कितीतरी पट. शिवाय ज्यात सोडियम जास्त, त्यात ऑक्सिजन हमखास कमी.

“सोडियम म्हणजे आपल्या मिठातलंच ना?” आईनं एकदा जेवताना विचारलं. आत्या हो म्हणाली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात खारट तारे आणि अळणी तारे हे शब्द रुजले. आत्यानं ते संस्थेतही नेले. पुढं तिचे विद्यार्थी परीक्षेच्या पेपरातसुद्धा ‘अळणी’ लिहायला लागले, तेव्हा तिला वरिष्ठांकडून समज मिळाली.

आता हा खारटपणा येतो कुठून? आत्याचं उत्तर तयार होतं. तारा ही भट्टी आहे. आतल्या आचेवर ऑक्सिजन कमी होत जातो आणि तिथंच निऑनचं सोडियम होतं. तारा म्हातारा होऊन फुगला की आतलं ढवळून वर येतं. कुणाचं जास्त ढवळतं, कुणाचं कमी. म्हणजे खारटपणा हा वयाचा प्रताप.

संस्थेत तिच्या समोरच्या खोलीत बसणारे गृहस्थ म्हणायचे, छे, तारा जन्मालाच खारट येतो. गुच्छातल्या पहिल्या ताऱ्यांनी बाहेर टाकलेला माल उरलेल्या वायूत मिसळला, आणि त्या वायूतून जे मागाहून जन्मले ते खारट झाले. वयाचा यात काही संबंध नाही.

विद्यार्थ्यांनी दोघांना नावं ठेवली. आत्या झाली भट्टीकर आणि ते झाले पाळणेकर. ही नावं इतकी घट्ट बसली, की टपालवाल्यानंही एकदा ‘भट्टीकरबाई इथंच राहतात का’ असं विचारल्याचं मला आठवतं.

पाळणेकर उंच, किंचित वाकलेले, बारमाही गळ्यात मफलर. वाद रंगला की ते चष्मा काढून त्याची काडी चघळायचे. त्यामुळे काड्या सारख्या मोडायच्या, आणि त्या दुरुस्त करायला ते बाबांकडे यायचे. बाबा म्हणायचे, “आमची बहीण भांडते म्हणून माझं दुकान चालतं.”

अशाच एका दुपारी आईनं त्यांना वर जेवायला बोलावलं. सुट्टीचा दिवस होता, आत्याही घरी होती. पहिला घास पोटात जायच्या आत दोघं सुरू झाले. आत्या म्हणत होती, म्हाताऱ्या ताऱ्यांत वयाबरोबर कार्बन घटत जातो हे डोळ्यांना दिसतंय, म्हणजे ढवळणं होतंच. पाळणेकर म्हणत होते, कार्बनचं असेल, पण सोडियमला लागणारी आच एवढ्याशा ताऱ्याच्या पोटात आणायची कुठून? मीठदाणी टेबलावर इकडून तिकडे फिरत होती. शेवटी आईनं ती काढून घेतली आणि म्हणाली, “ताऱ्यांचं नंतर बघा. माझ्या सूपमध्ये मीठ बरोबर आहे का तेवढं सांगा.” पाळणेकर म्हणाले, जरा जास्तच आहे. आत्या म्हणाली, कमी आहे. आईनं त्यानंतर बरेच दिवस दोघांनाही सूप दिलं नाही.

ते गेल्यावर आईनं आडून आडून चौकशी केली. माणूस चांगला आहे, स्वभावानं सरळ दिसतो, वगैरे. आत्या भांडी पुसत होती. “वहिनी, त्यांचं लग्न झालंय,” ती म्हणाली. “बायको शाळेत चित्रकला शिकवते. माझ्यापेक्षा फार शांत आहे.” आईनं तो विषय तिथंच मिटवला. खरं तर त्या दोघांत तसं काही नव्हतंच. पण सकाळी आत्या बसथांब्याकडे निघायची ती अशा झपाझप पावलांनी, की आज कुणाला तरी चांगलं ठणकावून सांगायचंय हे पाठमोरं बघूनही कळायचं.

मग ती बैठक झाली. दुर्बिणीवरच्या रात्री कुणाला द्यायच्या हे ठरवणारी एक छोटी समिती असायची, आणि त्या वर्षी आत्या तिच्यावर होती. पाळणेकरांनी अर्ज केला होता. त्यांना गुच्छातले लहान तारे बघायचे होते. ताऱ्यांचं असं असतं, की वय एकच असलं तरी जो वजनानं भारी तो आधी म्हातारा होतो. हलके तारे अजून जोमात असतात. ‘अजून संसाराला लागायचेत बिचारे,’ असं आत्या त्यांच्याबद्दल म्हणायची. या हलक्या ताऱ्यांच्या आत सोडियम करण्याइतकी आच नसते, आणि आतलं वर ढवळायची वेळही त्यांच्यावर आलेली नसते. म्हणजे ते सगळे अळणी निघाले, तर आत्या खरी. त्यांच्यातही खारट सापडले, तर पाळणेकर खरे. इतकी सरळ परीक्षा होती.

अडचण एवढीच, की हे तारे फार मंद. आपली दुर्बीण लहान, त्यांचा प्रकाश पसरवून रेघा वाचण्याइतका उजेड मिळणार नाही, असं आत्यानं समितीत सांगितलं. बाकीच्यांनी माना हलवल्या. अर्ज नामंजूर झाला.

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. डोकं दुखतंय म्हणाली आणि वर जाऊन पुस्तकं लावत बसली. खालून आम्हाला कपाट सरकवल्याचा आवाज येत होता.

पुढच्या वर्षी पाळणेकर संस्था सोडून गेले. नदीकाठच्या एका लहान गावात शिक्षकांचं महाविद्यालय होतं, तिथं ते भौतिकशास्त्र शिकवायला लागले. त्यांची बढती हुकली होती, बायकोला त्या गावात चांगली शाळा मिळाली होती, अशी चार कारणं होती. अर्जाचं नाव कुणी घेतलं नाही. जाण्याआधी ते चष्म्याची काडी बसवून घ्यायला आले, बाबांशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि वर न येताच गेले. आत्या घरातच होती.

नंतरची वर्षं आत्याला तशी बरी गेली. बढती मिळाली, खिडकीजवळची खोली मिळाली, तिचे निबंध लोक वाचायला लागले. समोरच्या खोलीत एक हसतमुख तरुण आला. तो तिचं सगळं ऐकून घ्यायचा आणि पटलं म्हणायचा. एकदा जेवताना आत्या बाबांना म्हणाली, “दादा, हल्ली मी काहीही बोलले तरी खपतं. हे काही ठीक नाही.” बाबा म्हणाले, मग खपू नये असं काहीतरी बोल की. ती हसली, पण नुसतं तोंडदेखलं.

तेवढ्यात परदेशात एक अजस्र दुर्बीण उभी राहिली आणि संस्थेला तिच्यावर थोडा वेळ मिळाला. सगळ्यांत आधी अर्ज गेला तो आत्याचा. तिला गुच्छातले लहान तारे बघायचे होते. हे पाळणेकरांचंच काम ना, असं मी विचारलं. तेव्हा बाबा थकले होते आणि दुकान मी चालवत होते. आत्या म्हणाली, “हो. एकदा त्यांना गप्प करायचंय.” पाळणेकर तर कित्येक वर्षं गप्पच होते. पण मी ते बोलले नाही.

ती महिनाभर बाहेर होती. परत आली ती उत्साहात. हवा चांगली मिळाली, माहिती भरपूर आणली. मग मोजणी सुरू झाली. संध्याकाळी तिला यायला उशीर व्हायला लागला, आणि जेवताना ती समोरच्या भिंतीकडे बघत बसायची.

एका सकाळी दुकान उघडून मी काचा पुसत होते, तर आत्या जिन्यावरून खाली आली आणि गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसली. अक्षरांच्या तक्त्यासमोर. डबा हातात, पण बस पकडायची घाई नाही.

“खारट आहेत,” ती म्हणाली.

मला क्षणभर कळेना. कोण खारट, असं मी विचारलं.

“लहान तारे. निम्म्याहून जास्त. आणि त्यांच्यात ऑक्सिजन कमी, अगदी म्हाताऱ्यांसारखाच.” मग तक्त्यातल्या सगळ्यांत खालच्या बारीक ओळीकडे बघत म्हणाली, “ते बरोबर होते गं.”

मी तिच्या शेजारी स्टुलावर बसले. गिऱ्हाईक आलं तेव्हा ती उठली आणि बसथांब्याकडे गेली, पण नेहमीच्या चालीनं नाही.

ती लगेच हार मानणारी नव्हती. तिनं सगळं पुन्हा मोजलं, दुसऱ्या पद्धतीनं मोजलं. मग संस्थेतल्या दोघांना, कुठला तारा कुठला हे न सांगता, नुसते पट्टे मोजायला दिले. आकडे तेच आले. समोरच्या खोलीतल्या हसतमुख तरुणानं तिला समजावलं, की वाईट वाटून घेऊ नका, इतर देशांतल्या गटांनाही असंच दिसायला लागलंय, आपण जरा मोघम लिहू. तुमच्या जुन्या निबंधांचा उल्लेख करायचं काही कारण नाही. आत्यानं त्याचे आभार मानले आणि मला विचारलं, रविवारी तुझी गाडी रिकामी आहे का.

नदीकाठच्या त्या गावाला आम्ही दुपारच्या जेवणाआधी पोचलो. तळमजल्यावरचं घर, दारात चिखल लागलेले बूट. दार पाळणेकरांच्या बायकोनं उघडलं. तिच्या बोटांना निळा रंग लागलेला होता. आत्याला बघून तिनं वाट सोडली आणि आत वळून म्हणाली, “अहो, बघा कोण आलंय.” पाळणेकर आतल्या खोलीतून आले. केस पांढरे झाले होते, मफलर होता. मग आत्यानं पिशवीतून कागद काढून जेवणाच्या टेबलावर पसरले आणि म्हणाली, “हे तुमचे तारे.”

त्यांनी चष्मा पुसला आणि बसले. एकेक पट्टा बघत गेले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मला वाटलं होतं, आता यांचा चेहरा उजळेल. तसं झालं नाही. त्यांनी चष्मा काढून काडी तोंडात धरली आणि विचारलं, या ताऱ्यांचं तापमान कशावरून काढलं? ते थोडं जरी चुकलं असेल तर सोडियम फुगून दिसेल. आत्या म्हणाली, दोन पद्धतींनी काढलंय. मग शेजारच्या मोठ्या ताऱ्याचा उजेड यात शिरला नसेल कशावरून? आत्यानं दुसरा कागद पुढं केला. ते शंका काढत गेले, ती उत्तरं देत गेली. तिचा आवाज चढला. टेबलावर बोट आपटत ती म्हणाली, “जन्मतःच खारट आहेत हो हे, दुसरं काही असूच शकत नाही.” आणि स्वतःचं वाक्य ऐकून थांबली.

पाळणेकरांची बायको दारात उभी होती. ती हसायला लागली, मग मीही. शेवटी त्या दोघांनाही हसू आवरलं नाही.

हसू ओसरल्यावर आत्यानं कागद गोळा केले आणि सरळ बसली.

“तुमचा अर्ज मी नामंजूर करवला होता,” ती म्हणाली.

“माहीत आहे. दुर्बीण लहान होती.”

“होती. त्या दुर्बिणीतून हे दिसलं नसतं. पण मी नाही म्हणाले ते फक्त तेवढ्याचसाठी का, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. हेच सांगायला आले.”

त्यांनी चष्मा हातात घेतला. काडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मला राग होता. खूप वर्षं होता. दुर्बीण लहान आहे हे अर्ज लिहिताना मलाही माहीत होतं. तरी वाटलं होतं, तुम्ही म्हणाल, जमणार नाही पण एकदा बघूच. तुम्हाला तरी ते बघावंसं वाटायला हवं होतं.”

आत्यानं मान खाली घातली. “वाटायला हवं होतं,” ती म्हणाली.

“आता?” त्यांच्या बायकोनं नवऱ्याला विचारलं. “अजून आहे राग?”

“आता भूक आहे,” पाळणेकर म्हणाले.

आम्ही जेवूनच निघालो. जेवताना आत्यानं विचारलं, निबंध माझ्याबरोबर लिहाल का? ते नको नको म्हणत होते, माझा आता या कामाशी संबंध राहिला नाही, मोजणी सगळी तुमची. आत्या म्हणाली, मोजणी माझी, पण कल्पना तुमची, आणि माझ्या जुन्या निबंधांची चिरफाड माझ्यापेक्षा तुम्हाला चांगली जमेल. यावर ते तयार झाले. फक्त एका गोष्टीवर ती अडून बसली. म्हाताऱ्या ताऱ्यांत वयाबरोबर कार्बन घटतो, ते ढवळण्यानंच, हे निबंधात यायलाच हवं. “सोडियम तुमचं,” ती म्हणाली, “पण कार्बन माझा.” पाळणेकरांनी ते मान्य केलं, कारण ते खरंच होतं.

निबंध छापून आला. त्याच्या आगेमागे इतरांचेही आले, काहींचे अधिक चांगले. त्यामुळे आमच्या या दोघांचं नाव कुठं गाजलं वगैरे नाही. पण त्यानंतर दर रविवारी सकाळी आमच्याकडे फोन वाजायला लागला. जन्मतःच खारट, हे ठरलं. पण ज्या आधीच्या ताऱ्यांनी ते मीठ वायूत सोडलं ते कुठले? पाळणेकरांना वाटायचं, आयुष्याच्या अखेरीला पोचलेले मध्यम वजनाचे तारे. आत्या लगेच विरुद्ध बाजूला जाऊन बसली: भरभर फिरणारे, प्रचंड वजनाचे. या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर अजून कुणालाच मिळालेलं नाही, त्यामुळे भांडणाला कमतरता नव्हती. बाबा फोनशेजारी आरामखुर्ची ओढून ऐकत बसायचे. त्यांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, पण बहिणीचा आवाज चढला की ते खूश व्हायचे.

पाळणेकर गेल्या हिवाळ्याआधी गेले. झोपेतच, त्रास न होता. आत्या अंत्यविधीला जाऊन आली, आणि त्यांच्या बायकोजवळ काही दिवस राहिली. परत आल्यावर संस्थेच्या वार्तापत्रानं तिच्याकडे त्यांच्यावर लेख मागितला. तिनं तो मन लावून लिहिला. त्यांची हुशारी, त्यांचा सरळपणा, विद्यार्थ्यांशी वागणं, सगळं. मात्र उत्तरार्धात ती मध्यम वजनाच्या ताऱ्यांवर घसरली आणि ती कल्पना का टिकत नाही हे मुद्देसूद मांडलं. संपादक बाईंचा फोन आला. त्या अवघडून म्हणाल्या, लेख फार सुंदर आहे, पण शेवटची दोन पानं श्रद्धांजलीत बसत नाहीत, गाळली तर चालतील का?

आत्या नाही म्हणाली. तिनं त्यांना सांगितलं, की पाळणेकर वाचतील असं धरूनच ती पानं लिहिली आहेत, आणि नुसतं गोड गोड लिहिलेलं त्यांना आवडलं नसतं. बाईंनी थोडा विचार केला आणि पानं ठेवली.

अंक आला तेव्हा आत्यानं एक प्रत पाळणेकरांच्या बायकोला पाठवायला माझ्याकडे दिली. पाकिटावर पत्ता घालताना मी सहज म्हणाले, त्या रागावल्या तर? आत्यानं चष्मा कपाळावर सरकवला. “ती कशाला रागावेल,” ती म्हणाली. “तिनंच तर फोनवर सांगितलं, सोडू नका त्यांना.”